डिलीट केलेला व्हिडिओ जातो कुठे?



हॉस्टेलमध्ये रात्री अकरानंतर दारावर टकटक झाली, की कारणं दोनच असतात. एक, कुणाची तरी साखर संपलेली असते. दोन, कुणाच्या तरी फोनमधून काहीतरी उडालेलं असतं. साखरेचं काम दोन मिनिटांत होतं. दुसऱ्या कामात मात्र रात्र जाते, आणि दर वेळी तेच प्रश्न, तीच उत्तरं. म्हणून म्हटलं, या वर्षी मॅगझिनला कविता-बिविता न देता हेच एकदा नीट लिहून टाकावं. (माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालेलं आहे, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाकडे सर-मॅडमनी जरा प्रेमाने पाहावं.)

प्रश्न साधा असतो. गॅदरिंगची रील, ग्रुपवर आलेला व्हिडिओ किंवा घरून आलेली क्लिप चुकून डिलीट झाली, ती परत मिळेल का? यावर लगेच 'हो' किंवा 'नाही' म्हणणारा माणूस एकतर घाईत असतो किंवा दुकान चालवत असतो. खरं उत्तर तो व्हिडिओ कुठे राहत होता यावर अवलंबून आहे. मेमरी कार्डवर, फोनच्या आतल्या मेमरीत, की एखाद्या कंपनीच्या सर्व्हरवर? बटण एकच, 'डिलीट'. पण या तीन ठिकाणी त्याचे तीन वेगळे अर्थ होतात. माझं मत आधीच सांगून टाकतो. कार्ड असेल तर उकरा. बाकी कुठेही उकरत बसू नका, दुसरी प्रत शोधा.

रजिस्टर आणि खोली

आपल्या हॉस्टेलच्या ऑफिसात एक जाडजूड रजिस्टर आहे. कोण कुठल्या खोलीत राहतो ते त्यात लिहिलेलं असतं. समजा, एखाद्याने हॉस्टेल सोडलं. क्लार्ककाका त्याच्या नावावर रेघ मारतात, खोलीपुढे 'रिकामी' लिहितात आणि विषय संपतो. पण कुलूप उघडून पाहिलं तर गादी, बादली, भिंतीवरची पोस्टर्स, मागच्या तीन सेमिस्टरची जर्नल्स सगळं तिथेच! नवीन मुलगा राहायला येईपर्यंत ते सामान कुणीही हलवत नाही.

मेमरी कार्डवर अगदी हेच होतं. कार्ड ४ ते ३२ जीबीचं असेल तर त्यावर बहुतेक वेळा फॅट-३२ ही फाइल सिस्टिम असते, ६४ जीबी आणि पुढच्या कार्डांवर एक्स-फॅट. फॅट-३२ मध्ये फाइल डिलीट केली की दोन गोष्टी घडतात. फाइलच्या नावाच्या पहिल्या अक्षराच्या जागी हेक्साडेसिमलमधला ई-५ हा आकडा लिहिला जातो, म्हणजे 'ही नोंद रद्द'. आणि फाइलचे तुकडे कुठल्या क्लस्टरनंतर कुठल्या क्लस्टरमध्ये आहेत हे सांगणारी साखळी शून्य केली जाते. डेटा स्ट्रक्चर्सच्या तासाला 'लिंक्ड लिस्टचा उपयोग काय' असं विचारणाऱ्यांसाठी: ही साखळी म्हणजे लिंक्ड लिस्टच आहे. एक्स-फॅटमध्ये तर काम अजून थोडक्यात आटपतं. नोंदीतला 'वापरात आहे' हा बिट बदलतो, ती जागा मोकळी अशी खूण होते, बस्स. व्हिडिओचे प्रत्यक्ष बाइट्स जिथल्या तिथे असतात.

म्हणून कार्डवरचा व्हिडिओ उडाला तर पहिली गोष्ट म्हणजे कार्ड फोनमधून काढा. फोन बंद करा, कार्ड काढा आणि पाकिटात ठेवा. 'बघू परत येतो का' म्हणून आणखी दोन फोटो काढू नका. तुम्ही काढलेला तो फोटो म्हणजेच नवीन मुलगा, आणि तो नेमका त्याच खोलीत गादी टाकू शकतो.

मग कार्ड रीडरमध्ये घालून कॉम्प्युटरला लावा आणि फोटोरेक नावाचं सॉफ्टवेअर चालवा. हे फुकट आहे, ओपन सोर्स आहे, ख्रिस्तोफ ग्रेनिए या फ्रेंच माणसाने लिहिलेलं आहे, आणि टेस्टडिस्क नावाच्या त्याच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरबरोबरच मिळतं. नावात 'फोटो' असलं तरी व्हिडिओ, पीडीएफ वगैरे बरंच काही ते शोधतं. ते रजिस्टर बघतच नाही! सरळ एकेक खोली उघडून सामानावरून माणूस ओळखतं. जेपेग फोटोची सुरुवात नेहमी एफएफ, डी-८, एफएफ या तीन बाइट्सनी होते. एमपी-४ व्हिडिओच्या पाचव्या ते आठव्या बाइटमध्ये एफ, टी, वाय, पी ही चार अक्षरं असतात. अशी खूण दिसली की फोटोरेक तिथून पुढचा भाग उचलून वेगळ्या फाइलमध्ये ठेवतं. मिळालेल्या फाइल्स त्याच कार्डवर सेव्ह करू नका, कॉम्प्युटरच्या डिस्कवर करा. फाइलची मूळ नावं परत येत नाहीत, नुसते आकडे येतात. तेव्हा चहा करून घ्या आणि एकेक उघडून बघत बसा.

आमच्या विंगमध्ये हा प्रयोग आम्ही मुद्दाम करून पाहिला. एका जुन्या कार्डवर फोटो आणि व्हिडिओ भरले, निम्मे डिलीट केले, वर थोडं नवीन भरलं, पुन्हा डिलीट केलं. फोटो भराभर आले. छोटे व्हिडिओ आले. मोठे व्हिडिओ मात्र 'आले' खरे, साइजही दिसली, पण प्लेअर उघडायला तयार नाही.

असं का होतं ते समजून घेण्यासारखं आहे. एमपी-४ फाइल म्हणजे डब्यांची रांग असते. एम-डॅट नावाच्या डब्यात चित्र आणि आवाजाचा खरा ऐवज, आणि मूव्ह नावाच्या डब्यात अनुक्रमणिका: कुठली फ्रेम कुठे सुरू होते, किती लांब आहे, आवाज कुठे जुळवायचा. फोनचा कॅमेरा ही अनुक्रमणिका साधारणपणे शेवटी लिहितो, कारण किती फ्रेम्स झाल्या हे शूटिंग थांबल्यावरच कळणार. (शूटिंग चालू असताना बॅटरी संपली की तो व्हिडिओ उघडत नाही, त्याचं कारण हेच.) मोठी फाइल कार्डवर सलग जागा न मिळाल्याने तुकड्या-तुकड्यांनी लिहिलेली असली, तर साखळी पुसल्यावर शेवटचा तुकडा कुठला हे कळायला मार्ग नाही. मग ऐवज आहे, अनुक्रमणिका नाही, अशी अवस्था होते. अशा वेळी अनट्रंक नावाचं एक फुकट साधन कधीकधी कामाला येतं. त्याला त्याच फोनवर, त्याच सेटिंगमध्ये काढलेला एक धडधाकट व्हिडिओ द्यायचा. त्याच्या नमुन्यावरून ते मोडक्या फाइलची अनुक्रमणिका नव्याने बांधायचा प्रयत्न करतं. जमलं तर जमलं.

आतली मेमरी

आता वाईट बातमी. आपल्यापैकी बहुतेकांच्या फोनमध्ये कार्डच नसतं, आणि असलं तरी व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम ही मंडळी आपला संसार फोनच्या आतल्या मेमरीतच मांडतात. तिथे वरचं सगळं गणित बदलतं.

फ्लॅश मेमरीत एकदा लिहिलेल्या पानावर तसंच दुसऱ्यांदा लिहिता येत नाही. आधी अख्खा ब्लॉक पुसावा लागतो, आणि एका ब्लॉकमध्ये अशी शेकडो पानं असतात. म्हणून कुठली पानं आता नकोत हे कंट्रोलरला वेळेवर कळवून ठेवतात. या निरोपाला ट्रिम म्हणतात. अँड्रॉइडमध्ये ही सोय ४.३ आवृत्तीत, २०१३ साली आली. फोन चार्जिंगला लावून नुसता पडलेला असतो तेव्हा ते काम उरकलं जातं. म्हणजे आपण रात्री फोन उशाशी चार्जिंगला लावून झोपतो, तेव्हा रिकाम्या खोल्यांची यादी झाडूवाल्याकडे पोचलेली असते आणि सकाळपर्यंत गादी, बादली, जर्नल्स सगळं बाहेर गेलेलं असतं.

समजा, झाडूवाला आला नाही. तरी उपयोग नाही, कारण सामान कुलूपबंद ट्रंकेत आहे. फाइलनिहाय एन्क्रिप्शन अँड्रॉइडमध्ये ७ व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१६ पासून आलं, आणि अँड्रॉइड १० घेऊन बाजारात येणाऱ्या नव्या फोनना ते सक्तीचं झालं. फाइल उलगडायला लागणारी माहिती त्या फाइलच्या नोंदीशीच बांधलेली असते. आयफोनमध्ये तर प्रत्येक फाइलसाठी वेगळी २५६ बिटची किल्ली तयार होते आणि तीही फाइलच्या नोंदीतच, आणखी एका किल्लीने बंद करून ठेवलेली असते. नोंद गेली की किल्ली गेली. मागे उरलेले बाइट्स कुणी चिपमधून काढलेच, तरी ते नुसते खरखरीसारखे दिसणार.

त्यामुळे 'रिकव्हरी' असं नाव लावलेली जी ढीगभर ॲप्स दिसतात, ती काय करतात हा प्रश्न विचारायलाच हवा. फोन रूट केलेला नसेल तर कुठल्याही ॲपला मेमरी कच्च्या स्वरूपात वाचायची परवानगीच नसते. मग ती ॲप्स आपल्याला दिसत नाहीत असे फोल्डर चाळतात: कॅश, लपवलेल्या फाइल्स, आणि गॅलरीने झटपट दाखवायला बनवून ठेवलेली छोटी चित्रं, म्हणजे थंबनेल्स. स्क्रीनवर तुमच्या व्हिडिओचं चित्र दिसतं, आपल्याला वाटतं सापडला! 'रिस्टोअर' दाबलं की आधी पैसे मागतात, आणि पैसे भरल्यावर हातात येतो तो पोस्टाच्या तिकिटाएवढा फोटो. शिवाय असं ॲप आपण डाउनलोड करतो तेच मुळी त्या फोनमध्ये, आणि वर त्याला सगळ्या फाइल्स वाचायची परवानगी देतो. रूट करायचं म्हटलं तर त्यासाठी बूटलोडर उघडावा लागतो, आणि ते करताना बहुतेक फोन स्वतःहून सगळा डेटा पुसतात. आहे ते पण गेलं!

एक अपवाद आहे, आणि तो आनंदाचा आहे. अँड्रॉइड ११ पासून गॅलरीत 'डिलीट' केलेली फाइल बऱ्याचदा लगेच डिलीट होतच नाही. तिचं नुसतं नाव बदलतं. सुरुवातीला एक टिंब, मग इंग्रजीत 'ट्रॅश्ड', मग डॅश, मग दहा आकडी संख्या आणि त्यानंतर मूळ नाव. सुरुवातीच्या टिंबामुळे ती लपून राहते. तो दहा आकडी नंबर म्हणजे १ जानेवारी १९७० पासून मोजलेले सेकंद. ही फाइल कायमची कधी पुसायची ती वेळ त्यात लिहिलेली असते, साधारण ३० दिवसांनंतरची. फाइल मॅनेजरमध्ये लपलेल्या फाइल्स दाखवायचं सेटिंग चालू केलं की कधीकधी अशी फाइल सापडते. एरवी गॅलरीतलं 'ट्रॅश' किंवा 'बिन' उघडलं तरी तीच दिसते. सॅमसंगच्या गॅलरीत ३० दिवस, आयफोनच्या 'रिसेंटली डिलीटेड'मध्ये ३० दिवस. गुगल फोटोजमध्ये बॅकअप झालेला व्हिडिओ ६० दिवस राहतो, बॅकअप न झालेला ३० दिवस. दारावर टकटक करायच्या आधी एवढं प्रत्येकाने स्वतः बघावं ही नम्र विनंती. निम्म्या केसेस इथेच मिटतात.

पेटीचा व्हिडिओ

सिव्हिलचा एक मित्र आहे, परभणीकडचा. त्याचे आजोबा गावच्या भजनात पेटी वाजवायचे. दिवाळीत घरी गेल्यावर त्याने त्यांच्या तीन क्लिप घेतल्या आणि घरच्या ग्रुपवर टाकल्या. जानेवारीत फोन भरला, सबमिशनची पीडीएफ डाउनलोड होईना, म्हणून त्याने गॅलरीत 'सिलेक्ट ऑल' करून व्हिडिओ उडवले आणि जागा लगेच मोकळी व्हावी म्हणून ट्रॅशही रिकामा केला. मार्चमध्ये आजोबा गेले. तेरावा करून तो परत आला तेव्हा ते व्हिडिओ त्याला हवे होते. त्या घरात आजोबांचा आवाज आणि पेटी एकत्र असलेलं दुसरं काहीच नव्हतं.

आमच्याकडे यायच्या आधी तो शहरातल्या एका दुकानात जाऊन आला होता. त्यांनी फोन दोन दिवस ठेवून घेतला, पैसे घेतले, आणि एका पेनड्राइव्हमध्ये हजारो फोटो भरून दिले. सगळी थंबनेल्स. त्यात आजोबांचं एक चित्र होतं, पेटीवर हात ठेवलेलं, इतकं लहान की मोठं केलं की चौकोन-चौकोन दिसायचे. तो ते चित्र दाखवत म्हणाला, "म्हणजे आहे ना रे आत कुठेतरी?" नव्हतं. तीन महिने तो फोन रोज रात्री चार्जिंगला लागत होता. हे समोरच्याला सांगणं ट्रिम समजावून सांगण्यापेक्षा फार अवघड असतं.

मग आम्ही कागद घेतला आणि फोनवरून लक्ष काढून माणसांची यादी केली. ग्रुपमध्ये कोण कोण होतं, तेव्हा कुणाकडे कुठला फोन होता, कुणाचं ऑटो-डाउनलोड चालू होतं. मित्राचं गुगल फोटोजचं बॅकअप बंद. व्हॉट्सॲपचं बॅकअप चालू होतं, पण त्यात व्हिडिओ घ्यायचा पर्याय वेगळा असतो, तो आपण स्वतः चालू करावा लागतो. त्याने केलेला नव्हता. काकांनी क्लिप उघडलीच नव्हती. आता डाउनलोडचा बाण दाबला तर 'पाठवणाऱ्याला पुन्हा पाठवायला सांगा' अशा अर्थाचा निरोप आला, कारण व्हॉट्सॲपच्या सर्व्हरवर मीडिया थोडेच दिवस राहतो. चुलतभावाने फोन बदललेला. शेवटी राहिली आत्या. तिचा जुना फोन टच बिघडला म्हणून कपाटात पडलेला. आत्या कधीच काही डिलीट करत नाही. तिला ते येतच नाही! (घरातल्या ज्या माणसाला 'फोन नीट वापरता येत नाही' असं आपण म्हणतो, त्याच्या फोनमध्ये सगळं सापडतं, हा माझा पक्का अनुभव झाला आहे.)

टच बिघडला असेल पण डिस्प्ले दिसत असेल, तर एक सोपी युक्ती आहे. ओटीजी केबल लावून साधा यूएसबी माउस जोडायचा. स्क्रीनवर बाण येतो, त्या बाणाने पॅटर्नसुद्धा काढता येतो. काही कंपन्यांच्या फोनमध्ये ओटीजी आधी सेटिंगमधून चालू करावं लागतं, तिथे मात्र पंचाईत होते. आत्याच्या फोनला ती अट नव्हती. मित्र शनिवारी एसटीने गेला, बॅगेत माझा माउस. तीनपैकी एक क्लिप मिळाली, एक मिनिट चाळीस सेकंदांची. व्हॉट्सॲपने दाबून लहान केलेली, त्यामुळे चित्र जरा फिकट. आवाज स्वच्छ आहे. मध्येच आजोबा पेटी थांबवून "चहा झाला का गं?" असं विचारतात. बाकीच्या दोन क्लिप मिळाल्या नाहीत. आत्याने त्या उघडल्या नव्हत्या.

कुठे शोधायचं

व्हॉट्सॲपचे व्हिडिओ अँड्रॉइड फोनमध्ये 'अँड्रॉइड', त्यात 'मीडिया', त्यात 'कॉम डॉट व्हॉट्सॲप' अशा वाटेने जाऊन 'व्हॉट्सॲप व्हिडिओ' या फोल्डरमध्ये असतात. जुन्या फोनमध्ये सरळ बाहेरच 'व्हॉट्सॲप' नावाचा फोल्डर दिसतो. त्याच्या आत 'सेंट' नावाचा आणखी एक फोल्डर असतो, आपण पाठवलेल्या प्रती तिथे असतात. गॅलरी साफ करताना तो बरेचदा सुटतो, म्हणून तिथे जरूर बघा. फाइलच्या नावात व्ही-आय-डी, मग वर्ष-महिना-तारीख आणि मग डब्ल्यू-ए व आकडा असतो, त्यामुळे तारीख आठवत असेल तर शोध लवकर लागतो. दुसऱ्याचं स्टेटस तुम्ही पाहिलं असेल, तर त्याची प्रत 'स्टेटसेस' नावाच्या लपलेल्या फोल्डरमध्ये सापडू शकते, पण स्टेटसचं आयुष्य २४ तासांचं, तेव्हा त्याच दिवशी. लॅपटॉपवर व्हॉट्सॲप जोडलेलं असेल तर तिथेही शोधा. कितीतरी वेळा फोनमधून गेलेली क्लिप लॅपटॉपच्या डाउनलोड्समध्ये निवांत पडलेली असते.

चॅटमधून नुकतंच काही उडवलं असेल तर त्या रात्रीच बॅकअप बंद करा. व्हॉट्सॲप पहाटे दोनच्या सुमाराला फोनमध्येच बॅकअप घेतं आणि अशा साधारण सात दिवसांच्या फाइल्स ठेवतं. गुगलच्या खात्यावरचं बॅकअप मात्र नवीन आलं की जुन्याची जागा घेतं, म्हणजे तुमचा मेसेज नसलेलं बॅकअप हेच खरं बॅकअप होऊन बसतं. फोनमधल्या बॅकअपमध्ये मेसेज असतात, व्हिडिओ नसतात, हेही लक्षात ठेवा. आणि 'अनइन्स्टॉल करून परत टाक, सगळं येतं' असा सल्ला देणाऱ्या सीनियरला आधी विचारा, की बॅकअप कधीचं आहे आणि त्यात व्हिडिओ घेतलेले आहेत का. उत्तर न देता तो हसला तर हात लावू देऊ नका.

टेलिग्राम याच्या उलट. तिथल्या साध्या चॅट आणि चॅनलमधल्या फाइल्स त्यांच्या सर्व्हरवरच राहतात, फोनमध्ये असते ती फक्त कॅश. फोनमधून व्हिडिओ गेला तरी चॅटमध्ये मेसेज असेल तर पुन्हा डाउनलोड होतो. मात्र चॅटमधला मेसेजच उडवला की संपलं. सीक्रेट चॅटला हा नियम लागू नाही.

इन्स्टाग्रामने २०२१ च्या फेब्रुवारीत 'रिसेंटली डिलीटेड' आणलं. स्वतःची डिलीट केलेली पोस्ट किंवा रील तिथे ३० दिवस राहते. आर्काइव्हमध्ये नसलेली स्टोरी मात्र २४ तासच. हे 'युअर ॲक्टिव्हिटी'मध्ये सापडतं. ड्राफ्टची गोष्ट वेगळी. अर्धवट ठेवलेल्या रीलचे ड्राफ्ट फोनमध्येच असतात, सर्व्हरवर जात नाहीत. ॲप अनइन्स्टॉल केलं की ते गेले, कुठल्याही यादीत दिसणार नाहीत. गॅदरिंगच्या डान्सवाल्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

फेसबुकच्या ट्रॅशमध्येही पोस्ट ३० दिवस राहते. पण कल्चरल कमिटीच्या मंडळींना एक वेगळी सूचना. १९ फेब्रुवारी २०२५ पासून फेसबुक लाइव्हची रेकॉर्डिंग्ज ३० दिवसच ठेवली जातात, मग ती आपोआप जातात. कुणी काहीही डिलीट न करता! तेव्हा पेजवर लाइव्ह केलेला कार्यक्रम त्याच आठवड्यात डाउनलोड करून ठेवणं हे आता कमिटीचंच काम समजावं. यूट्यूबवर तर ट्रॅश वगैरे भानगडच नाही. आपल्याच चॅनलवरचा व्हिडिओ डिलीट केला की कायमचा. म्हणून 'प्रायव्हेट' करा, डिलीट कशाला करता?

आणि सर्व्हर आपला नसतो, हे २९ जून २०२० ला सगळ्यांनी पाहिलं. भारत सरकारने ५९ चिनी ॲप्सवर बंदी घातली, त्यात टिकटॉक होतं. आमच्या भागातली शेतात, गोठ्यात व्हिडिओ करणारी कितीतरी पोरं रातोरात आपल्याच व्हिडिओंपासून तुटली. ज्यांचे व्हिडिओ लोकांनी व्हॉट्सॲपवर इकडून तिकडे पाठवले होते, त्यांचे आजही कुणाकुणाच्या फोनमध्ये सापडतात, कोपऱ्यात टिकटॉकचा शिक्का नाचत असलेले.

ज्याचं कार्ड, त्याने बसावं

शेवटी याची दुसरी बाजू. फोटोरेकला आपला-परका कळत नाही. एक व्हिडिओ शोधायला कार्ड लावलं, की दोन वर्षांपूर्वी डिलीट केलेले फोटोसुद्धा एकापाठोपाठ एक वर येतात, आणि त्यातले सगळेच दुसऱ्याने बघावेत असे नसतात. म्हणून आमच्या विंगमध्ये नियम केला आहे: ज्याचं कार्ड त्यानेच कीबोर्डवर बसायचं, आम्ही पाठ करून बसून सूचना देणार, आणि काम झालं की बाकीचा फोल्डर त्याच्यासमोर उडवणार. मुलींच्या हॉस्टेलमध्ये हे काम करणाऱ्या मैत्रिणींनी तर हा नियम आमच्याही आधी केला होता. स्टाफपैकी कुणी कार्ड देणार असतील तर कृपया शिपायाबरोबर पाठवू नका, पंधरा मिनिटं स्वतः या.

जुना फोन विकतानाही हेच लागू. फोन अलीकडचा आणि एन्क्रिप्शन असलेला असेल तर फॅक्टरी रीसेटमध्ये किल्ल्याच नष्ट होतात, पुढे चिंता नाही. कार्ड मात्र त्यातून काढून घ्या, कारण साधारणपणे वापरतात त्या कार्डवर एन्क्रिप्शन नसतं. नुसतं क्विक फॉरमॅट केलं तर फक्त रजिस्टर नवीन येतं, खोल्या तशाच. कार्ड कुणाला द्यायचंच असेल तर विंडोजमध्ये 'क्विक फॉरमॅट'समोरची खूण काढून पूर्ण फॉरमॅट करा; व्हिस्टापासूनच्या विंडोजमध्ये अशा फॉरमॅटमध्ये सगळीकडे शून्य लिहिली जातात. वेळ लागतो, मेसला जाऊन या. परत आल्यावर त्याच कार्डवर स्वतः एकदा फोटोरेक चालवा. काही सापडलं नाही, की कार्ड द्यायला हरकत नाही.